सुलूची बरणी

समोर आलेल्या कुठल्याही मराठी माणसाला भट्टीवाल्या मावशी आधी एकच विचारायच्या, "समुद्राकडे जाणार आहेस का रे?" चहापाणी त्यानंतर. यजमानांच्या सरकारी नोकरीपायी सगळा जन्म दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये गेला, पण बाईंचा जीव कोकणातल्या आपल्या खाडीत अडकलेला.

फरिदाबादपलीकडे एका शेडमध्ये त्यांची लाकडावर पेटणारी भट्टी होती. आत राख उडून भांड्यांवर वितळते आणि भांडं खालच्या फरशीला चिकटून बसतं. म्हणून मावशी प्रत्येक भांड्याखाली माती भरलेले शिंपले ठेवायच्या. आगीत शिंपल्याचा चुना होतो. मग भांडं पाण्यात बुडवलं की तो चुना तापून फसफसतो, त्याचा भुगा होतो आणि तळाला शिंपल्याची नुसती नक्षी उरते. सुट्टीच्या दिवशी मदतीला गेलेला मी हौसेने हात पुढे केला की ओरडायच्या, "मेल्या, भाजेल ना!"

शिंपले त्यांना तिसऱ्यांचेच लागत. दिल्लीत वाढलेली त्यांची मुलगी नीतू चिडवायची, "आई, पहिल्या-दुसऱ्या कुठे गेल्या?" मावशी कपाळावर हात मारून घ्यायच्या.

एका डिसेंबरात मी चुलतभावाच्या लग्नाला कोकणात निघालो. गुडघ्यांमुळे मावशींचं जाणं बंद झालं होतं. "आमच्या खाडीवरचे आण हं. बाकी काही नको मला." लग्नाच्या गडबडीत मी साफ विसरलो. परत आल्यावर इथल्याच मासळीबाजारातून किलोभर तिसऱ्या घेतल्या, आतला ऐवज कांदाखोबऱ्यात परतून हाणला आणि शिंपले धुऊन मावशींपुढे ठेवले. गाढवपणा नुसता!

"कुणी दिले?" त्यांनी विचारलं.

"होती एक म्हातारी कोळीण," मी थाप मारली.

"ठेंगणी? सारखी हसणारी?"

"हो हो, तीच."

मावशींनी एक शिंपला उचलून हातात घेतला. "अगो बाई, सुलू! माझ्या वर्गातली. ती गेली असं कळवलं होतं रे मला कुणीतरी. दोन वर्षं मी रडत्येय. जिवंत आहे म्हणजे!"

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. त्यांचा चेहरा बघून माझा धीरच झाला नाही. दुसऱ्या दिवशी चुलतभावाला चौकशी करायला लावली. सुलू खरंच गेली होती.

मावशींनी त्याच शिंपल्यांवर सुलूसाठी मिठाची बरणी भाजली. भेट झाली की विचारायच्या, "आणखी काय म्हणाली रे सुलू?" आणि मी सांगायचो! दात पडलेत म्हणाली, तुमच्या खोड्या सांगत होती. मावशी लहान मुलीसारख्या हसायच्या. पुढे पुढे मला न विचारताही सुलूची वाक्यं सुचायला लागली. मेट्रोत बसलो असताना ती कानाशी बोलायची, आणि मला भीती वाटायची. बरणी घेऊन जा म्हणून मावशी मागे लागल्या की मी रजेचं कारण पुढे करायचो.

गेल्या थंडीत मावशी गेल्या. तेराव्याला नीतूने जुन्या ओढणीत गुंडाळलेली बरणी माझ्यापुढे धरली.

"आई शेवटपर्यंत हेच म्हणत होती, ही सुलूमावशीला पोचव."

"नीतू, ऐक ना, मला काही सांगायचंय..."

"नाही म्हणू नको यार, प्लीज. मी तिथे कुणाला शोधणार? आमच्यात सुलूमावशीला भेटलेला तू एकटाच आहेस."

मी बरणी घेतली.