व्हर्ननची मिशी आणि अठ्ठेचाळीस नट

टोर्नेडो येऊन गेला की आमच्या गावात पहिला उगवतो तो व्हर्नन टॅकेट, हातात टेप आणि वही. टोर्नेडोच्या पोटात शिरून वारा कोण मोजणार? म्हणून हवामान खात्याचा हा माणूस मोडतोड बघून वाऱ्याचा वेग ठरवतो आणि शून्य ते पाच असा आकडा देतो. आकडा देण्यात महाचिक्कू! घर साफ उडालं तरी हा वाकून, घराला पायाशी जखडणारे बोल्ट तपासतो. बोल्टवर नट नसले की आकडा उतरलाच. "वाऱ्याचं कसलं कौतुक? बांधणाराच आळशी."

सात वर्षांपूर्वी ओपल प्रुइटचं घर उडालं, तेव्हा ते बांधणाऱ्या तिच्या नवऱ्याबद्दल त्याने हेच लिहिलं. नवरा तेव्हा नुकताच वारला होता. ओपलने व्हर्ननला पीचचा केक देणं त्या दिवसापासून बंद केलं. मला विचाराल तर बरोबरच केलं.

यंदा मे महिन्यात व्हर्ननचंच घर उडालं. नवरा-बायको तळघरात होते, वाचले. घर त्याने स्वतः बांधलेलं. "एक नट कमी निघाला तर मिशी उतरवीन," हे आम्ही बावीस वर्षं ऐकत होतो. सगळं गाव जमलं. शेजारच्या गावाने 'आमच्याकडे तीन!' अशी पाटीच लावली होती. आम्हाला चारचा आकडा हवा होता आणि तो या घरावर अवलंबून होता.

व्हर्नन वाकला आणि वाकलेलाच राहिला. बोल्ट सगळे जागेवर, नट एकावरही नाही.

तेवढ्यात त्याची बायको लोरीन तळघरातून कॉफीचा डबा घेऊन आली. आत अठ्ठेचाळीस नट, कोरे करकरीत.

"व्हर्नन, हे काय आहे?"

"नट बसवायला घेतले आणि जेवायला बोलावलंस ना तू... मग राहूनच गेलं."

"म्हणजे माझ्या जेवणाचा दोष? बावीस वर्षं मी नुसत्या ठेवलेल्या घरात झोपले!"

"अरे, चार लिहून टाक," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "डबा आम्ही पाहिलाच नाही."

व्हर्ननने ओपलकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती. त्याने वही उघडली आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "तीन. बांधणारा आळशी. नाव, व्हर्नन टॅकेट."

गाव हळहळलं. मला मात्र त्याचा अभिमान वाटला, अन् हसूही आवरेना.

रविवारी चर्चबाहेर तो बिनमिशीचा उभा होता, सोललेल्या बटाट्यासारखा. ओपल सरळ त्याच्यापुढे गेली आणि हातात केक ठेवला.

"खा," ती म्हणाली. "आता मिशीला लागायचा नाही."