रूपाबाई काय म्हणाल्या

वैष्णवीची दुसरी भाकर तव्यावर फुगत होती, तेवढ्यात दाराची कडी वाजली. हळद शिजवायचे दिवस. अशात हिंगोलीच्या हवेलाच पिवळी झाक येते, अन् सकाळसुद्धा अर्धवट आठवणाऱ्या स्वप्नासारखी पुसट वाटते. त्या उजेडात शेजारचे अमृतराव उभे होते.

"आले का बिनपगारी प्रोफेसर!" तिचा नवरा रविंद्र आतून ओरडला. "काका, आज कोणता शब्द घावला?"

अमृतराव नुसते हसले. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून ते एसटी डेपोच्या बाकावर बसून लोकांचे निरोप ऐकत. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे छापायचंही नव्हतं. निघणारा माणूस 'जातो' न म्हणता 'येतो' का म्हणतो, फुटलेली बांगडी 'वाढली' कशी होते, अन् ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे तेव्हा काय उभं राहतं, एवढंच त्यांना हवं असे. कंडक्टर चिडवायचा, "अमृतराव, बसता का गाडीत? काहून नुसते बघून राहिले?"

आज चहाचा कप त्यांनी हातातच धरला. "सूनबाई, एक इचारू? रूपा नांदेडच्या दवाखान्यात निघाली, तवा तू जीपपाशी उभी होती."

वैष्णवीने गॅस बारीक केला. अमृतरावांच्या पत्नी रूपाबाई तिथून परत आल्याच नव्हत्या.

"ती 'येते' म्हणाली का 'जाते'? मला नुसतं 'ते' ऐकू आलं. साऱ्या डेपोचं ऐकलं, घरचंच राहिलं."

खोटं बोलणं सोपं होतं. पण वैष्णवीला आठवली ती जीपची घरघर, काचेआडचा हिरव्या बांगड्यांचा हात, हलणारे ओठ. "काका, मलाही न्हाई आलं बराबर ऐकू."

त्यांनी मान खाली घातली. ती भाकरीकडे वळली अन् थबकली.

"पण मी 'या' म्हणाले होते. 'या काकू, बऱ्या होऊन या.'"

"नक्की?"

"व्हय. 'जाते' म्हणाल्या असत्या तर मी रागावलेच असते. 'जाते म्हणू न्हाई काकू', आपसूक तोंडातून निघालं असतं."

अमृतराव दारातल्या पिवळ्या उजेडाकडे बघत राहिले, जणू त्यातून कुणी चालत येत होतं. "म्हंजे कानानं न्हाई, जिभेनं ऐकलं तू." निवालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला, चपला पायात सरकवल्या.

"सूनबाई, रोज निघताना मी 'येतो' म्हणीन. घरी आता कुणी न्हाई. तू तेवढं 'या' म्हणत जा."