आबांच्या वहीतल्या मोकळ्या जागा

आधीच कबूल करते, या भुताखेतांच्या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचायला येते, आणि तेही हसायला. उलटे पाय, पांढरी साडी, वडाचं झाड... माझा यातल्या कशावर कवडीचा विश्वास नाही. माझं वारंगा फाट्यावर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सर्व्हर बंद पडला की एखादा म्हातारा विचारतो, "ताई, मशिनीला बाहेरचं काही लागलं का?" मी म्हणते, "बाहेरचं नाही काका, नेटवर्कच लागत नाही!" तर असा माझा स्वभाव. आणि आज मीच लिहायला बसलेय... पण एक अक्षर वाढवून लिहिणार नाही.

आमचं घर डोंगरकड्याजवळ, शेतातच. घरात मी, माझा नवरा विकास आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. सासरे, म्हणजे आबा, मागच्या वर्षी गेले. चौथी शिकलेला माणूस, पण हळदीची वही मात्र वर्षानुवर्षं लिहिली. बेणं कधी लावलं, पाणी किती दिलं, हळद शिजवताना काय चुकलं... सगळं. आत्याबाईंना अक्षरओळख नाही. आबा लिहीत बसायचे आणि या शेजारी शेंगा फोडत बसायच्या, एवढाच त्यांचा त्या वहीशी संबंध.

आबांचं वर्षश्राद्ध झालं आणि चार दिवसांनी आत्याबाईंनी मला हळूच विचारलं, "वर्षे, त्या वहीत माझं नाव हाय का गं कुठं?"

काय सांगणार? वही मी वाचली होती. त्यात दोन्ही बैलांची नावं होती. मोटार दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईचं होतं. आत्याबाईंचं नव्हतं! आबा जुन्या वळणाचे. बायकोचं नाव तोंडाने घ्यायचे नाहीत, नुसतं "अगं, ऐकलं का" म्हणायचे. लिहितानाही तीच रीत. तिचं नाव यायचं तिथे बोटभर जागा मोकळी सोडलेली. 'आज ____ म्हणाली, जाळ काढा. काढला. हळद बराबर शिजली.' पानोपानी तसंच. आयुष्यभर संसार करून त्या बाईला एवढंच हवं होतं की आपण त्या वहीत आहोत का... आणि तिथे मोकळी जागा. मी "बघून सांगते" म्हणाले आणि सरळ भांडी घासायला पळाले.

मग डोक्यात आलं, वाचून दाखवण्यापेक्षा ऐकवू या. हल्ली एआयची अशी टूल्स आहेत, लिहिलेलं टाकलं की एक बाई आणि एक बुवा त्यावर गप्पा मारतायत असं पॉडकास्ट तयार होतं, मराठीतसुद्धा. आठवडाभर दुपारी गिऱ्हाईक कमी असताना मी वही टाइप केली. एकदा वाटलं, मोकळ्या जागेत आत्याबाईंचं नाव, 'शांताबाई', घालून टाकावं, कोणाला कळतंय? पण आबांच्या वहीत आपण हात घालायचा म्हणजे... धजले नाही. जिथे जागा सोडली होती तिथे रेघच ठेवली.

रविवारी दुपारी ओसरीवर तिघं बसलो. फोन पातेल्यात ठेवला, आवाज मोठा येतो म्हणून. त्यातली बाई लागली की बोलायला, "वा, किती सुंदर निरीक्षण आहे!"

"ही कुठली गं?" आत्याबाई म्हणाल्या. "लई साखर घोळून राहिली."

"पुण्याची असंल, माय," विकास म्हणाला, आणि आम्ही खो खो हसलो.

बेणं झालं, पाणी झालं. मग हळद शिजवायचा भाग आला, आणि ती बाई म्हणाली, "गंमत म्हणजे जाळ कधी काढायचा हे आबा ठरवत नसत. कौतिका ठरवायची."

मी कपाळावर हात मारला. एआयची ही खोड मला माहीत आहे, माहीत नसलं की ठोकून देतं, तेही पुढाऱ्याच्या थाटात. पुढचं वाक्य, "कौतिका म्हणाली, पाणी थांबवा." त्याच्या पुढचं, "कौतिका माहेरी गेली, हळद करपली." जिथे जिथे रेघ होती तिथे तिथे कौतिका! आत्याबाईंना काय वाटेल, आबांची ही कोण कौतिका? मी घाईने फोन बंद करायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे."

शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. डोळे वाहत होते, आणि चेहरा असा खुललेला की मी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नव्हता.

"माझंच नाव हाय ते," त्या म्हणाल्या. "माहेरचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यायनं अंगठीनं शांता लिवलं, तवापासून मी शांता. लई रडले होते मी. वावरात इचारलं त्यायनं, काहून रडून राहिली? सांगितलं. तर म्हणले, माणसात शांता, आपल्या दोघांत कौतिकाच. पण तवापासून त्यायच्याबिगर कोणी घेतलं न्हाई ते नाव."

आईचं हे नाव विकासलाही ठाऊक नव्हतं. मामा तिला अक्का म्हणतात. आधार, रेशनकार्ड, सातबारा, सगळीकडे शांताबाई, मीच तर भरलेत त्यांचे फॉर्म.

मी दुकानात जाऊन टाइप केलेलं सगळं शोधलं. कौतिका कुठेच नाही. वहीचं पान न् पान उजेडात धरून पाहिलं, खोडलेलं, पुसलेलं काहीच नाही. तोच मजकूर घालून पुन्हा तीनदा ऑडिओ बनवला, तिन्ही वेळा ती बाई म्हणते, "त्यांची पत्नी." विकास म्हणतो, मोबाईल सगळं ऐकतो. अरे, पण जे नाव घरात कोणी उच्चारलंच नाही, ते ऐकणार कुठून? योगायोग म्हणाल तर म्हणा. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगू, आता मी शोधतही नाही.

एक गोष्ट मात्र उलगडली. माझ्या लग्नात चुलतसासरे माझं नाव बदलायला निघाले होते, तांदळाचं ताटही आणलं होतं. आत्याबाईंनी ते उचलून आत नेलं. "राहू द्या पोरीचं हाय तेच," म्हणाल्या. मला इतकी वर्षं वाटायचं, माझ्या सर्टिफिकेटांची काळजी असेल.

परवा भातासाठी तांदूळ निवडत होते, तर त्या शेजारी येऊन बसल्या. "ते नाव कसं लिवतात गं, वर्षे?" मी परातीत तांदूळ पसरला, त्यांचं बोट धरलं आणि लिहिलं... कौतिका. कितीतरी वेळ बघत बसल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "लई मोठं हाय की."

त्या दिवशी भाताला मी दुसरे तांदूळ काढले.