मागच्या सीटची कुईकुई

गाडी घेतली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, आणि आमच्या घरात चारचाकी चालवणारी मी पहिलीच बाई. माझी शाळा शिरूर कासारपासून आत, एका वाडीवर. एसटी मोठ्या रस्त्यावर सोडायची आणि तिथून पुढे कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसायचं, नाहीतर पायी चालत सुटायचं. त्याला कंटाळून मी ड्रायव्हिंगचा क्लास लावला, आणि परवाना हातात पडल्यावर एक जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली. शाळेतल्या दोन मॅडम माझ्याबरोबर यायच्या. नव्या हाताच्या शेजारी बसायची दोघींनाही धास्ती, म्हणून त्या मागे बसायच्या. पुढच्या सीटवर आमचे डबे आणि पिशव्या.

दिवाळीनंतर गाडीत आवाज यायला लागला. बारीक, चिरका, कोंबडीच्या पिलासारखा. खड्डा आला की कुई, गतिरोधक आला की कुई. गप्पांच्या नादात आधी कुणाचं लक्ष गेलं नाही, पण एकदा कानावर पडल्यावर मात्र तो सोडेना. शाळेत पोचल्यावरही डोक्यात वाजत राहायचा.

नवऱ्याला सांगितलं. ते गाडी घेऊन एकटेच चौसाळ्याला जाऊन आले आणि चावी खुंटीला अडकवत म्हणाले, "कायबी आवाज न्हाई. गाडी लई चांगली हाय." मग जरा थांबून, समजुतीच्या सुरात त्यांनी सांगितलं की मी गियर घाईनं टाकते, त्यामुळे होत असेल.

मी ऐकून घेतलं आणि दोन दिवस अगदी जपून गियर टाकले. कुईकुई चालूच. शेवटी आम्ही दोघांनी गाडी बीडला मेकॅनिककडे नेली. त्यानं एकट्यानंच एक चक्कर मारली, मागच्या चाकांची रबरं बदलली आणि माझ्याशी न बोलता नवऱ्याला म्हणाला, "मॅडमला सांगा, गतिरोधकावर हळू घेत जा." मी तिथंच उभी होते, हाताच्या अंतरावर.

त्यानंतर मी इतकी हळू चालवायला लागले की ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टरसुद्धा भोंगे वाजवत मला मागे टाकून जायचे. ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसलेली पोरं माझ्याकडे बघून हात करायची. मीही हसून हात करायची, पण आतून हबकले होते. खरंच आपल्याला गाडी चालवता येत नसेल का? चाळिशीनंतर शिकलेलं हातात मुरतच नसेल का? परत एसटी धरावी, असंही मनात येऊन गेलं.

मग एक दिवस दोन्ही मॅडम रजेवर होत्या. एकीच्या घरी लग्न, दुसरीचा मुलगा तापानं फणफणलेला. मी एकटीच निघाले. वाडीच्या फाट्यापर्यंत आले आणि लक्षात आलं की गाडी गप्प आहे. मुद्दाम एका खड्ड्यातून घातली, तरी गप्प. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं गाणं म्हणत शाळेत पोचले. गेला एकदाचा, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघी मागे बसल्या आणि पहिल्याच गतिरोधकावर कुई.

शाळेच्या मैदानात गाडी उभी केल्यावर त्या दोघी उतरून गेल्या, पण मी स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिले. नवरा गेला होता तो एकटा. मेकॅनिकनं चक्कर मारली तीही एकट्यानं. काल मीही एकटी. म्हणजे आवाज माझ्या हातात नव्हता, पायात नव्हता, गियरमध्येही नव्हता. तो माझ्या पाठीमागे होता, आणि मागे कुणी बसल्याशिवाय तोंड उघडत नव्हता. मी मुलांना विज्ञान शिकवते. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे फळ्यावर कितीदा तरी लिहिलेलं आहे. ते स्वतःच्या गाडीला लावायचं मला इतके दिवस सुचलं नव्हतं.

संध्याकाळी परतताना एका मॅडमला बळेच पुढे बसवलं. तिनं सगळ्या पिशव्या मांडीवर घेतल्या आणि दाराचं हँडल घट्ट धरलं. दुसरी मागे, डाव्या बाजूला. आवाज नाही. अर्ध्या वाटेत गाडी थांबवून मागचीला उजवीकडे सरकायला सांगितलं. पुढच्याच खड्ड्यात कुई. परत डावीकडे पाठवली, पुन्हा शांत. ती बिचारी विचारत होती की मॅडम, नेमकं काय चाललंय, आणि मला हसू आवरत नव्हतं.

घरी मात्र मी लगेच काही बोलले नाही. रविवार येऊ दिला. सकाळी चहा झाल्यावर नवऱ्याला म्हटलं, जरा गाडी काढा, एक फेरी मारू, तुम्हीच चालवा.

"मी चालवल्यावर आवाज येतच न्हाई की," ते म्हणाले.

"म्हणूनच तुम्ही चालवा," मी म्हटलं.

सासूबाई ओट्यावर लसूण निवडत होत्या. त्यांचं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलेलं. गाडीत बसायला त्या कधीही तयार. मी म्हटलं, आत्याबाई, तुम्ही मागे उजव्या बाजूला बसा, तुमच्या वजनाचं काम आहे. त्यांनी परात बाजूला ठेवली, पदर सारखा केला आणि ऐटीत येऊन बसल्या.

गल्लीच्या तोंडाशीच गतिरोधक आहे. गाडी त्याच्यावर चढली आणि आवाज आला, अगदी स्वच्छ. नवऱ्यानं गाडी मागे घेतली आणि पुन्हा चढवली, या वेळी मुंगीच्या पावलानं. पुन्हा कुई. मी त्यांच्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. बोलल्या त्या सासूबाई.

"आता कोन चालवतंय रं?"

नवऱ्याचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि ते हसायला लागले. "चुकलं," एवढंच म्हणाले. मला तेवढं पुष्कळ होतं. महिनाभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलल्यासारखं वाटलं.

पण आवाज अजून सापडायचा होता. अंगणात गाडी उभी केली, डिकी उघडली आणि मी साडीचा ओचा खोचून आत शिरले. नवऱ्यानं बाहेरून गाडी हलवायची, सासूबाईंनी सीटवर हलके उसळायचं आणि मी आत हात फिरवायचा, अशी कामं वाटून घेतली. शेजारणी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. आधी जादा चाक दाबून धरलं, तरी कुई. जॅक बाहेर काढून टाकला, तरी कुई. बाजूचा पत्रा दाबला, काही फरक नाही. मग हात वर सरकवत उजव्या कोपऱ्यात नेला. तिथं सीटची पाठ एका लोखंडी कडीत अडकते. कडी मुठीत घट्ट धरली आणि आवाज थांबला. मूठ सोडली, सुरू झाला. धरली, थांबला. नाडी सापडावी तशी ती माझ्या हाताला लागली होती.

कडीवरचं प्लॅस्टिक झिजून गेलं होतं. मागे उजवीकडे कुणी टेकलं की लोखंडावर लोखंड घासायचं, एवढीच सगळी भानगड. प्रथमोपचाराच्या पेटीतली कापडी चिकटपट्टी काढून मी कडीला घट्ट गुंडाळली, वर बोटभर व्हॅसलिन चोळलं आणि सीटची पाठ दाबून बसवली. सासूबाई जोरात उसळल्या. नवऱ्यानं गाडी गदागदा हलवली. काही नाही. डिकीतून बाहेर आले तेव्हा केस विस्कटलेले, कोपर खरचटलेलं, आणि शेजारणी विचारत होत्या की झालं का बाई. झालं, मी म्हटलं, आणि चावी नवऱ्याच्या हातातून घेतली.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंचे डोळे दाखवायला अंबाजोगाईला जायचं होतं. इतका लांबचा पल्ला मी कधी चालवला नव्हता, पण मी चालवणार का, हे कुणी विचारलंच नाही. नवरा आपणहून मागे उजव्या बाजूला बसले आणि बीड यायच्या आत झोपून गेले. सासूबाई पुढे, माझ्या शेजारी. रस्ता मोकळा होता. मी मजेत, चांगल्या वेगानं गाडी घेतली.

दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता. सासूबाई बाकावरच्या एका अनोळखी बाईला सांगत होत्या की बीडच्या मेकॅनिकला जे घावलं न्हाई ते आमच्या सूनबाईनं गाडीच्या खाली झोपून शोधलं. मी गाडीच्या खाली झोपले नव्हते. पण ती बाई माझ्याकडे मान वळवून वळवून बघत होती, आणि मी काही दुरुस्त करायला गेले नाही.