वीस मिनिटं पुढे

आमच्या चौलच्या घरातली सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढे असायची. बाबा मुरुडच्या शाळेत शिकवायचे, सकाळची एसटी चुकू नये म्हणून त्यांनी ती तशी लावली होती. ते निवृत्त झाले, पण मग आठवड्यातून एकच दिवस, दर सोमवारी, नवी मुंबईच्या ऑफिससाठी मी पहाटेची गाडी गाठू लागले आणि घड्याळं तशीच राहिली. गंमत म्हणजे वेळ बघताना घरातला प्रत्येक जण मनात वीस वजा करायचा. म्हणजे फायदा शून्य.

त्या शुक्रवारी माझा जीव टांगणीला लागला होता. सोमवारपासून रोज हजर राहा, असं ऑफिसने कळवलं होतं आणि मला घर सोडायचं नव्हतं. काशीदच्या खानावळवाल्या बायकांसाठी मी एक ॲप करत होते. पाहुण्यांनी ताटं आधी सांगायची, बायकांनी तेवढाच बाजार करायचा. एकदाच लिहिलं की अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं, अशा साधनात ते बांधलं होतं. दुपारी चारला ते त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी घेतलं तर राजीनामा, नाहीतर बॅग भरायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

सकाळी नऊ-चाळीसला लिहिलेल्या कोडचं ॲप बनवणारा पहिला बिल्ड झटक्यात झाला. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ मात्र रात्रीचे दहा दाखवत होतं. काहीतरी बिघडलं असेल म्हणत मी ते सरळ केलं आणि विसरून गेले. मग पहिल्या पानावर ‘आज काय ताजं’ हे बटण घातलं, सेव्ह केलं. फोनवर काहीच नाही. बटण लालभडक केलं, तरी जुनंच पान. कोड लिहायचा एडिटर बंद करून उघडला, फोन बंद करून चालू केला, ॲप काढून परत टाकलं. ढिम्म. सगळं पुसून नव्याने बांधायचं तर अर्धा डोंगर पुन्हा डाउनलोड करावा लागला असता, आणि आमच्या सुपारीच्या वाडीत रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्यावर बसलं तरच. मला रडू येत होतं आणि त्या एडिटरचा भयंकर राग. त्याने एखादी चूक दाखवली असती तर भांडता तरी आलं असतं!

साडेबाराला नाइलाजाने बिल्डच्या फोल्डरातली एकेक फाइल तपासत बसले. मुख्य फाइलीसमोर वेळ होती आज रात्री दहाची. मी ताडकन उठलेच. अजून दुपारचं जेवण व्हायचं होतं आणि ही म्हणे रात्री तयार झालेली! माझे सगळे बदल तिच्यापेक्षा जुने ठरत होते, म्हणून नवीन काही नाही असं समजून ते साधन स्वस्थ बसलं होतं. ती एक फाइल उडवली, बिल्ड पुन्हा लावला, आणि लालभडक बटण फोनवर आलं. मी पळतच मागच्या पडवीत गेले.

“लॅपटॉपच्या घड्याळाला कोणी हात लावला?”

बाबा सुपाऱ्या सोलत बसले होते. “मी. वीस मिनिटं पुढे केलं. तुझी दोनची एसटी चुकायला नको. का गं, काही बिघडलं?”

वीस मिनिटं पुढे करताना सकाळची रात्र झाली, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मला इतकं हसू फुटलं की रागवायचं राहूनच गेलं.

चारला काशीदमध्ये एक अँड्रॉइड, एक आयफोन असे दोन फोन लॅपटॉपला जोडून मी बायकांसमोर बसले. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशींनी बटण दाबून पाहिलं.

“बाय, व्हड्या दर्यावर गेल्याच न्हाय तर? ‘आज मच्छी न्हाय’ असं पन यायला पायजे ना.”

मी तिथेच ती ओळ घातली, सेव्ह केलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती दोन्ही फोनवर उमटली. बायका एकमेकींच्या खांद्यावरून वाकून बघू लागल्या. “उद्यापासून चालू कर,” मावशी म्हणाल्या. तिथूनच बाबांना फोन लावला आणि सोमवारी जात नाही म्हणून सांगितलं. ते फक्त “बरं” म्हणाले.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ओटीवरच्या घड्याळात सात वाजले होते. सवयीने वीस वजा केले. मग मोबाइल पाहिला, तर त्यातही सातच. घड्याळाखाली बाबांनी चढायला घेतलेलं स्टूल अजून तसंच होतं.