रुपयाएवढे उघडे लोखंड

देवापुढे हात जोडण्याची मला सवय नव्हती. देवपूजा पत्नीकडे आणि मोटारसायकल माझ्याकडे, ही आमच्या घरची वाटणी चाळीस वर्षे सुरळीत चालली. लग्नानंतर त्याच गाडीवर मागे बसून ती विरारहून आगाशीच्या शंकराला आली होती. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा होत्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, हे तिला आगाशी येईपर्यंत ठरवता आले नव्हते. पुढे तिच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. तिने एकच मागितले: त्याआधी एकदा त्याच गाडीवरून देवाला जायचे.

गाडी पाच वर्षे उभी होती. मी ती स्वतः उघडली, सांगाडा घासला आणि मूळचा तांबडा रंग दोनदा दिला. गाडी देखणी झाली. परंतु चालता चालता बंद पडे. हॉर्न दाबला की दिवा मंदावे. बॅटरी बदलली, प्लग बदलला. मेकॅनिक म्हणाला, "काका, हिला आता आराम द्या." मला तो शब्द आवडला नाही.

इस्पितळात दाखल व्हायच्या आदल्या सकाळी आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत, एका वाडीच्या कोपऱ्यावर गाडी बंद पडली. पत्नी तिथल्या ख्रिस्ती वस्तीच्या क्रुसाच्या चौथऱ्यावर टेकली. तिला धाप लागली होती. मी किक मारीत राहिलो.

"रिक्षा बघा. देव गाडी बघत नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "गाडी तुम्हीच बघता."

त्या क्षणी माझे हात थांबले. आजवर जे कोणाला म्हटले नव्हते, ते मनात म्हटले: मला जमत नाही, आता तू बघ.

वाडीतून एक बाई बाहेर आली. हातात कोयता, साडीचा काष्टा चिखलाने भरलेला. मला हॉर्न दाबायला लावून तिने दिव्याकडे पाहिले.

"बॅटरीची ही काळी वायर कुठं बसवली, काका?"

मी सांगाड्यावरचा बोल्ट दाखवला.

"रंगावर?"

"रंग नवीन आहे," मी म्हणालो.

"तेच म्हनते मी. आमच्या घरवाल्यानं पंपाची पेटी हौसेनं अशीच रंगवली, अर्थिंगच्या बोल्टासकट. मग झाली बोंब. ही काळी वायर म्हंजे गाडीचं अर्थिंग, रंगातून करंट जात नाय. अर्थिंगला उघडं लोखंड लागतं. पाना द्या."

बोल्ट काढून तिने कोयत्याचे टोक रंगाला लावले. मी नकळत तिचा हात धरायला गेलो.

"जाऊ द्या हो," मागून पत्नी म्हणाली. "खरवडू द्या तिला."

मी बाजूला झालो. रुपयाएवढा रंग गेला, खाली लोखंड चमकले. वायर घट्ट बसली. हॉर्न असा वाजला की झाडावरचे कावळे उडाले, आणि पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

"देवाला चाललात ना? माझा पन नमस्कार सांगा," एवढे बोलून ती पाण्याचा पाट वळवायला गेली.

पत्नीने आधी क्रुसाला हात जोडले, मग गाडीवर बसली. या खेपेस तिने खांद्यावर हात ठेवताना विचार केला नाही. देवळात मी प्रथमच तिच्या शेजारी उभा राहिलो. काय मागावे ते सुचले नाही. त्या बाईचा नमस्कार तेवढा पोहोचवला.

शस्त्रक्रिया पार पडली. आणखी तीन वर्षे तिचा सहवास लाभला. त्या सकाळी जे घडले त्याला काय म्हणावे, हे मी ठरवीत नाही. एवढे मात्र कळले की मी हौसेने आणि अभिमानाने जो थर चढवला होता, तोच आड येत होता, आणि तो माझ्या हातून निघणारा नव्हता.

आता ती नाही. गाडी अजून तांबडी आहे. बोल्टाखालची ती जागा मी पुन्हा रंगवलेली नाही. गंज चढू नये म्हणून महिन्यातून एकदा तिला ग्रीस लावतो, आणि तेवढा वेळ हात जोडल्यासारखे वाटते.