डेन्झिल सरांची सातवी टेप

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही. आमटीत मीठ जास्त पडलं तरी जिला फोन करून सांगते, त्या बहिणीपुढेही नाही. तशी मी तोंडाने फटकळ — कामात कुणी चुकलं की चारचौघांत सुनावते. आणि स्वतःचं मात्र तीन वर्षं गिळून बसले आहे. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात आमचा छोटा स्टुडिओ आहे. जुन्या टेप वाजवायच्या आणि त्यातला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, हे माझं काम. वीस वर्षं करते आहे.

डेन्झिल सर वाकोल्याचे. त्यांचं नाव तुम्ही ऐकलं नसणार. पियानो मात्र ऐकलाय — जुन्या सिनेमांतल्या कितीतरी गाण्यांमागे त्यांचीच बोटं आहेत, नाव कुठेच नाही. तरुणपणी ते हॉटेलांत जॅझ वाजवायचे. तिथले बँड बंद पडले, तेव्हा पोटासाठी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. स्वतःच्या रचना मात्र करत राहिले, आणि त्या कुणालाच नको होत्या. एकट्या बबनरावांना हव्या होत्या. बबनराव घाटकोपरचे, रेकॉर्डिस्ट, सरांचे जिवलग. एखाद्या दुपारी स्टुडिओ रिकामा असला की ते सरांना बोलावून घ्यायचे आणि टेप लावायचे. अशा सात टेप झाल्या. बबनराव गेल्यावर त्यांच्या बायकोने, वहिनींनी, त्या कपाटात साड्यांखाली जपल्या.

वांद्र्याच्या दोन वादकांनी सरांचा अल्बम काढायचं ठरवलं, आणि त्या सातही टेप माझ्याकडे आल्या. सर तेव्हा ऐंशीच्या पुढचे. स्वतः रिक्षाने आले होते. “बाय, सातवी सांभाळून काढ,” म्हणाले. “बाकीच्यांत मी कुणा ना कुणासारखा वाजवलाय. हिच्यात नाय.”

आता सांगते. म्हणजे — थांबा, आधी एक गोष्ट समजून घ्या. इतक्या जुन्या टेपवरचा थर सुटत आलेला असतो. वाजवताना तो झडतो, आणि त्याच्याबरोबर आवाजही जातो. कधी कधी टेप एकदाच वाजते. म्हणून आधी रेकॉर्डिंगचा लाल दिवा बघायचा, मगच टेप सुरू करायची. हा नियम मी कितीजणांना शिकवला असेल!

मी दिवा बघितला नाही.

फोनवर बोलत होते. मुलुंडच्या नव्या घराचे पडदे — बहीण म्हणत होती निळे, मी म्हणत होते फिके. टेप सुरू केली आणि पडद्यांवर वाद घालत राहिले. पियानो वाजत होता. मग केव्हातरी माझं बोलणं आपोआप थांबलं. बहीण पलीकडून हॅलो हॅलो करत होती, आणि मी फोन खाली ठेवला. काय वाजवत होता हो तो माणूस! शेवटची चार-पाच मिनिटं मी जागची हलले नाही. शेवटी तर — ज्या सुरावर संपेल असं वाटतं, तिथे न थांबता तो एक पायरी खाली उतरतो आणि तिथेच राहतो. मला रडू आलं. डोळे पुसले आणि मग समोर बघितलं. दिवा लागलेलाच नव्हता. मशीनवर तपकिरी भुगा सांडला होता.

पुन्हा वाजवून पाहिली. नुसती खरखर, मध्येच एखादा सूर.

चूक कुणाच्याही हातून होते, असं तुम्ही म्हणाल. नका म्हणू. कारण सरांना मी काय सांगितलं? “सर, टेप कोरीच निघाली. त्यावर काही रेकॉर्डच झालं नव्हतं.”

सर म्हणाले, “म्हंजे बबनने त्या दिवशी बटनच दाबलं नाय?”

मी म्हणाले, “तसंच असणार.”

माझी चूक मी उचलली आणि मेलेल्या माणसाच्या हातावर ठेवली. खरं काय ते सांगायला आता त्याला कुठलं येता येणार होतं?

वाकोल्यातल्या एका हॉलमध्ये सहा टेपांचा अल्बम निघाला. सरांनी एकेकाचं नाव घेऊन आभार मानले. माझंही नाव घेतलं. बबनरावांचं घेतलं नाही. दुसऱ्या रांगेत वहिनी ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या. शेवटपर्यंत त्या हसतमुखाने वाट बघत राहिल्या. मी टाळ्या वाजवत होते.

आणि तरीही हे सगळ्यात वाईट नाही.

गेल्या वर्षी सरांनी मला घरी बोलावलं. ती सातवी रचना ते आठवून आठवून पुन्हा वाजवू बघत होते. वाजवतानाच सुचलेली ती, कागदावर कधी उतरलीच नव्हती. सुरुवात आली, मधलंही बरंचसं आलं. शेवटाशी मात्र अडले. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच. “शेवट काय केला होता मी?” त्यांनी मलाच विचारलं. “तुझा कान चांगला हाय. तुला काय वाटते, कुठं गेला असेन?”

मला माहीत होतं. जगात एकट्या मला माहीत होतं. त्यांच्या उजव्या हाताशी बसले होते मी, नुसती गुणगुणले असते तरी पुरलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं — तुला कसं ठाऊक?

“येईल आठवत, सर,” मी म्हणाले.

ते हो म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागले. अडीच महिन्यांनी ते गेले. शेवट त्यांना सापडला नव्हता.